धातूच्या भिंतीतून जाणारा वायू

आपल्या स्वयंपाकघरातील वनस्पती तुपाचा डबा ही वस्तू एका पिढीच्या चांगलीच ओळखीची आहे. पातळ तेलाचे असे घट्ट, दाणेदार तूप कसे होते, असा प्रश्न त्या पिढीतल्या पुष्कळ मुलांनी आईला विचारला असेल. त्याचे उत्तर एका वायूत आहे. निकेल धातूच्या बारीक चूर्णाच्या सान्निध्यात गरम तेलातून हायड्रोजन वायू सोडला, की तेलाचे रेणू तो वायू स्वतःत सामावून घेतात आणि तेल थिजू लागते. आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांतून ‘उज्ज’ या नावाने भेटणारा हाच तो वायू. शेतात पडणाऱ्या युरियाच्या मुळाशी असलेला अमोनिया त्याच्यावाचून होत नाही. बडोद्याच्या श्रोत्यांना कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना ठाऊक आहे. १९६५ मध्ये सुरू झालेल्या त्या कारखान्यासारख्या ठिकाणी डिझेलमधील गंधक काढून टाकण्यासाठीही हायड्रोजनच लागतो.

परंतु या वायूची एक अडचण आहे. तो एकटा असा क्वचितच हाती येतो. नैसर्गिक वायूवर किंवा तापलेल्या कोळशावर वाफेची प्रक्रिया केली, की हायड्रोजन निघतो खरा. पण त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायॉक्साइड, वाफ आणि कित्येकदा गंधकयुक्त वायू अशी मंडळी बाहेर पडते. ज्या इंधनघटात हायड्रोजनपासून सरळ वीज निर्माण करतात, त्याच्या एका सर्वपरिचित प्रकारात दहा लक्ष भागांत दहा-वीस भाग कार्बन मोनॉक्साइड आला, तरी आतील प्लॅटिनम निकामी होऊ लागते. म्हणजे हायड्रोजन मिळवणे ही अर्धीच कामगिरी झाली. त्याला सोबत्यांपासून वेगळे काढणे ही उरलेली अर्धी. मोठ्या कारखान्यांत हे काम मुख्यतः सच्छिद्र पदार्थांच्या थरांवर दाब कमी-अधिक करून उरकतात. परंतु याच कामासाठी निसर्गाने एक अद्भुत साधन देऊ केलेले आहे. ते म्हणजे ज्या भिंतीला एकही छिद्र नाही अशी धातूची भिंत. या भिंतीतून हायड्रोजन पलीकडे जातो, आणि दुसरा कोणताही वायू जात नाही. त्या भिंतीचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. हा इतिहास धातूचा आहे, तसाच तो अनुमान आणि प्रचीती यांच्या परस्परसंबंधाचाही आहे. त्याच्या आरंभी एका विद्वानाचे अनुमान साफ खोटे ठरले, आणि अगदी अलीकडच्या प्रकरणात कागदावरचे अनुमान भट्टीच्या कसोटीला उतरले. या दोहोंत अंतर आहे दोनशे वर्षांचे.

आरंभ लंडनमध्ये होतो. १८०३ सालच्या एप्रिल महिन्यात तेथील शास्त्रज्ञांच्या हाती एक छापील पत्रक आले. ‘पॅलेडियम अथवा नवी चांदी’ या नावाच्या एका नव्या धातूचे गुणधर्म त्यात दिले होते, आणि सोहो भागातील एका दुकानात त्याचे तुकडे विकत मिळतील असेही कळवले होते. पत्रकावर शोध लावणाऱ्याचे नाव मात्र नव्हते. नवे मूलद्रव्य सापडले, तर ते विद्वत्सभेत मांडावे, की दुकानात मांडावे? रिचर्ड शेनेविक्स या आयरिश रसायनज्ञाला हा सगळा प्रकार लबाडीचा वाटला. त्याने दुकानातील माल विकत घेतला, प्रयोग केले, आणि रॉयल सोसायटीपुढे निवेदन केले, की हे मूलद्रव्य नसून प्लॅटिनम आणि पारा यांचे मिश्रण आहे. असे मिश्रण बनवण्याचे त्याचे बहुतेक प्रयत्न फसले होते. तरीही त्याने आपला निष्कर्ष सोडला नाही. आधी मत ठरले, आणि मग त्या मताला पुरावा शोधला गेला. त्याच वर्षी शेनेविक्सला सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले.

यावर त्या अनामिक शोधकाने जाहीर केले, की हा धातू कृत्रिम रीतीने कोणी बनवून दाखवील तर त्याला २० पौंड बक्षीस मिळेल. ते बक्षीस न्यावयास कोणीही पुढे आले नाही. अखेर १८०५ मध्ये विल्यम हाइड वुलस्टन याने शोधक आपणच असल्याचे उघड केले. कच्च्या प्लॅटिनमपासून शुद्ध प्लॅटिनम काढण्याचा त्याचा भागीदारीतील व्यवसाय होता, आणि त्या कृतीचे मर्म त्याला इतक्यात बाहेर फुटू द्यावयाचे नव्हते. १८०२ मध्ये आकाशात सापडलेल्या ‘पॅलास’ नावाच्या लघुग्रहावरून त्याने धातूचे नाव ठेवले होते. अशा रीतीने पॅलेडियम जगात आले. त्याच्या पोटात कोणते गुपित आहे, हे मात्र खुद्द वुलस्टनलाही ठाऊक नव्हते.

ते गुपित उघड व्हावयास साठ वर्षे लागली. १८६३ मध्ये आंरी सँत-क्लेर देव्हिल आणि लुई त्रूस्त या दोघा फ्रेंच रसायनज्ञांना असे दिसले, की लालभडक तापवलेल्या प्लॅटिनमच्या भिंतीतून हायड्रोजन आरपार जातो. हा धागा लंडनमध्ये टॉमस ग्रॅहम याने उचलला. ग्रॅहम मूळचा ग्लासगोचा. १८५५ पासून तो ब्रिटिश टांकसाळीचा प्रमुख होता. एके काळी न्यूटनने भूषवलेली जागा ती हीच. १८६६ मध्ये त्याने दाखवून दिले, की या कामात पॅलेडियम प्लॅटिनमहून कितीतरी पुढे आहे. मंद उष्णता दिली, तरी पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या सहाशेपटींहून अधिक हायड्रोजन गिळून बसते. पुढे विजेच्या साहाय्याने त्याने हा आकडा नऊशेच्या वर नेला. वाटीभर धातूत शेकडो वाट्या वायू मावावा, आणि धातू वरून जवळपास तसाच दिसावा, हे दृश्य पाहून ग्रॅहम चकित झाला असल्यास नवल नाही. त्याने असे अनुमान बांधले, की हायड्रोजन ही वस्तुतः एका अतिशय बाष्पशील धातूची वाफ असावी, आणि पॅलेडियमशी त्याचा मिश्रधातू होत असावा. त्या कल्पित धातूला त्याने ‘हायड्रोजेनियम’ असे नावही दिले. टांकसाळ हाताशी होतीच. त्याने या मिश्रणाची काही छोटी पदके पाडून घेतली. १८६९ मध्ये तो वारला.

ग्रॅहमचे हायड्रोजेनियम शास्त्रात टिकले नाही. तथापि त्याची मोजमापे टिकली, आणि हायड्रोजन धातूच्या आत एखाद्या मिश्रधातूतील घटकासारखा मिसळून राहतो, हा त्याच्या कल्पनेतील गाभाही बऱ्याच अंशी खरा ठरला. मोजमाप प्रामाणिक असेल, तर चुकीच्या सिद्धांतातूनही पुढच्यांच्या उपयोगाचे काही उरते.

आता हायड्रोजन या भिंतीतून जातो तरी कसा, हे पाहू. श्रोत्यांनी एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणावा. त्याचा मोठा दरवाजा बंद आहे, आणि त्यातली लहानशी दिंडी तेवढी उघडी आहे. हायड्रोजनचे अणू जोडीजोडीने हिंडतात. दोन अणू मिळून त्याचा एक रेणू. ही जोडी हातात हात घालून दिंडीतून आत जाऊ शकत नाही. पॅलेडियमच्या पृष्ठभागावर येताच जोडी फुटते. एकेक अणू वाकून आत शिरतो, धातूच्या अणूंमधील पोकळ्यांतून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावे तसा सरकत सरकत पलीकडच्या पृष्ठभागावर येतो, आणि तेथे दुसऱ्या एखाद्या अणूशी हात जुळवून पुन्हा रेणू होऊन बाहेर पडतो. नायट्रोजन, कार्बन मोनॉक्साइड वगैरे मंडळींना या दिंडीतून प्रवेशच नाही. म्हणून पत्र्याला बारीकसे भोकही नसेल, तर पलीकडे निघणारा हायड्रोजन जवळजवळ निर्भेळ असतो. साधी चाळणी लहानमोठे कण निवडते, तसा हा प्रकार नाही.

जोडी फुटण्याच्या या घटनेचा एक गणिती परिणाम होतो. जर्मन रसायनज्ञ आडोल्फ सीव्हर्ट्स याने विसाव्या शतकाच्या आरंभी पुष्कळ धातूंवर मापे घेऊन तो पक्का केला. धातूत विरघळणारा हायड्रोजन बाहेरच्या दाबाच्या प्रमाणात वाढत नाही. तो दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दाब चौपट केला, तर आतला हायड्रोजन दुप्पट होतो. नऊपट केला तर तिप्पट. उलट पत्र्याची जाडी निम्मी केली, की प्रवाह सरळ दुप्पट होतो. म्हणून या विद्येतील कारागिरांची सारी धडपड पत्रा पातळ करण्याकडे असते. पॅलेडियमचा भाव चढा असल्यामुळे पातळपणात पैशाचीही बचत आहे. २०१९ च्या सुमारास तर तो सोन्याच्याही वर चढला होता.

मग ग्रॅहमनंतर लगेच या पत्र्याचे कारखाने का निघाले नाहीत? त्याचे कारण पॅलेडियमच्या स्वभावात आहे. सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या खाली हायड्रोजन पुरेसा साठला, की हा धातू एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत उडी घेतो. पहिल्या अवस्थेत पाहुणे थोडे असतात, दुसरीत खोल्या खचाखच भरतात. आणि त्या भरतीने अणूंची मांडणी प्रत्येक दिशेला सुमारे साडेतीन टक्क्यांनी, म्हणजे आकारमानाने दहा टक्क्यांच्या आसपास, फुगते. भट्टी पेटली, थंड झाली, पुन्हा पेटली, की पत्रा फुगतो, आक्रसतो, पुन्हा फुगतो. अशा थोड्याच फेऱ्यांत तो सुरकुततो आणि तडकतो. तडा गेलेली भिंत भिंत राहत नाही; तिच्यातून सगळेच वायू वाहू लागतात.

यावरचा उपाय सापडला तो १९५० नंतरच्या दशकात, अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या अटलांटिक रिफायनिंग कंपनीत. जेम्स हंटर याने पॅलेडियममध्ये सुमारे चतुर्थांश चांदी मिसळली, आणि १९५६ मध्ये त्याला या कृतीचे पेटंट मिळाले. चांदीचा अणू पॅलेडियमच्या अणूहून थोडा मोठा आहे. तो मिसळल्याने धातूची मांडणी आधीच काहीशी सैल होते, आणि ती घातक उडी नेहमीच्या तापमानालाही टळते. त्याहून आश्चर्य असे, की चांदी स्वतः हायड्रोजनला जवळजवळ वाट देत नाही. आणि तरीही या मिश्रधातूतून शुद्ध पॅलेडियमपेक्षा अधिक हायड्रोजन जातो. ३५० अंशांच्या आसपास हे प्रमाण सुमारे पावणेदोन पटींपर्यंत भरते. पुढच्या दशकात लंडनच्या जॉन्सन मॅथी या जुन्या पेढीने या मिश्रधातूच्या नळ्यांची शुद्धीकरण यंत्रे बाजारात आणली. अतिशुद्ध हायड्रोजन जेथे लागतो, अशा अर्धवाहकांच्या उद्योगात या जातीच्या यंत्रांना आजही स्थान आहे.

दोन धातू एकत्र आले, की त्यांच्या गुणांची सरळ बेरीज होत नाही, हा धडा हंटरच्या पत्र्याने दिला. आणि येथूनच खरी पंचाईत सुरू झाली. बेरीज होत नसेल, तर कोणता धातू किती मिसळावा हे आधी कसे सांगावे? उत्तर एकच होते: वितळवा, लाटा, भट्टीत ठेवा आणि मोजा. एकेका मिश्रणापायी दिवस आणि आठवडे जावयाचे. पॅलेडियममध्ये सोने घाला, तांबे घाला, निकेल घाला. एक टक्का, पाच टक्के, चाळीस टक्के. दोन धातूंपर्यंत हे कसेबसे शक्य होते. तिसरा आला, की प्रयोगांची संख्या हाताबाहेर जाई.

तांब्याची गोष्ट या दृष्टीने फार बोधक आहे. कोळशापासून काढलेल्या वायूत गंधक असते, आणि गंधक हा पॅलेडियमचा जुना वैरी. त्याचे अणू पृष्ठभागावर ठाण मांडून दिंडीच अडवतात. मुक्काम लांबला तर धातूशी संयोग पावून पत्राच कुरतडतात. चांदीचा मिश्रधातू या बाबतीत दुबळा ठरतो. युनियन कार्बाइड कंपनीतील मॅकिन्ली याने १९६० नंतरच्या दशकात पॅलेडियम व तांबे आणि पॅलेडियम व सोने यांचे मिश्रधातू तपासून पेटंटे घेतली. वजनाने ६० भाग पॅलेडियम आणि ४० भाग तांबे, या एका मिश्रणाची वाहकता शुद्ध पॅलेडियमच्या तोडीची निघाली. निम्म्याच्या जवळपास तांबे असताना हे घडावे, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ४० ऐवजी तांबे थोडे कमी किंवा थोडे अधिक झाले, की वाहकता झपाट्याने कोसळते. डोंगराचे ते एकच टोकदार शिखर, आणि दोन्ही अंगांना उतार.

असे का व्हावे? नेहमीच्या पॅलेडियममध्ये घनाचे कोपरे आणि प्रत्येक बाजूचा मध्य अशा जागी अणू बसलेले असतात. चाळीस भाग तांब्याच्या आसपास, विशिष्ट तापमानाखाली, ही मांडणी बदलते, आणि अणू घनाचे कोपरे व घनाचा गाभा अशा जागी बसतात. या दुसऱ्या मांडणीत हायड्रोजनच्या विश्रांतीच्या खोल्या जवळजवळ असतात, आणि त्यांमधले उंबरठे फार बुटके. म्हणून अणू भराभर पुढे सरकतो. पण पिट्सबर्गच्या राष्ट्रीय ऊर्जा तंत्रज्ञान प्रयोगशाळेत २००४ च्या सुमारास गंधकयुक्त वायू सोडून पाहिले, तेव्हा एक कटू गोष्ट दिसली. गंधकापुढे टिकाव धरते ती पहिली, मंद मांडणी. आणि वेगवान मांडणी मात्र गंधक येताच निस्तेज होते. जो घोडा पळतो तो नाजूक, आणि जो काटक तो सावकाश, अशी ही निवड. अशा वेळी नुसत्या चाचपडण्याने काम भागत नाही. कोणत्या मिश्रणात, कोणत्या तापमानाला, कोणत्या मांडणीतून किती हायड्रोजन जाईल, याचा संपूर्ण नकाशाच हाती असावा लागतो.

हा नकाशा गणिताने काढता येईल काय? तत्त्वतः येईल, असे शास्त्रज्ञांना १९२६ पासून वाटत होते. कारण त्या वर्षी श्रोडिंजरने इलेक्ट्रॉनांच्या वर्तनाचे समीकरण मांडले होते. पण समीकरण ठाऊक असणे वेगळे, आणि ते सोडवणे वेगळे. पॅलेडियमच्या एका अणूत ४६ इलेक्ट्रॉन. केवळ २७ अणूंचा चिमुकला ठोकळा घेतला, तरी १२४२ इलेक्ट्रॉन झाले. प्रत्येकाचे स्थान सांगण्यास तीन आकडे, म्हणजे एकाच वेळी ३७२६ चलांचे गणित. कोणतेही गणकयंत्र येथे हात टेकील.

या कोंडीतून वाट काढली ती वॉल्टर कोन याने. कोन हा व्हिएन्नातील ज्यू कुटुंबातला. जन्म १९२३ चा. नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर मुलांना इंग्लंडला नेणाऱ्या गाड्यांतून तो निसटला. त्याचे आईवडील मात्र ऑशविट्झच्या छळछावणीत बळी पडले. इंग्लंडमध्येही शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला स्थानबद्ध करून कॅनडाला पाठवण्यात आले. अशा वाटेने विद्येच्या प्रांतात पोहोचलेल्या या माणसाने १९६४ मध्ये पॅरिसमध्ये पिएर होहेनबर्ग याच्यासह एक साधे पण खोल सत्य सिद्ध केले. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा स्वतंत्र हिशेब ठेवण्याचे कारण नाही. अवकाशातील प्रत्येक बिंदूवर इलेक्ट्रॉनांची दाटी किती आहे, एवढे कळले, तरी त्या समूहाची किमान ऊर्जा तत्त्वतः ठरते. जत्रेतील प्रत्येक माणसाचे नाव न विचारता कोठे किती गर्दी आहे एवढेच टिपावे, तसे हे आहे. ३७२६ चलांच्या जागी तीनच उरली. पुढच्या वर्षी लू शॅम याच्यासह त्याने हे तत्त्व प्रत्यक्ष आकडेमोडीच्या रूपात आणले. त्यातील एक पद नेमके ठाऊक नसल्याने ते अदमासाने घ्यावे लागते. ही उणीव आजही आहे. १९९८ मध्ये कोनला जॉन पोपल याच्यासमवेत रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१६ मध्ये तो निवर्तला.

आता ही पद्धत मिश्रधातूच्या भिंतीला कशी लावतात, ते थोडक्यात सांगतो. गणकयंत्रात धातूच्या अणूंचा एक लहान ठोकळा मांडावयाचा, त्याच्या एका पोकळीत हायड्रोजनचा अणू ठेवावयाचा, आणि ऊर्जा काढावयाची. मग तो अणू शेजारच्या पोकळीकडे न्यावयाचा, आणि मधला उंबरठा किती उंच आहे ते मोजावयाचे. शुद्ध धातूत सर्व खोल्या सारख्या, म्हणून काम लवकर संपते. मिश्रधातूत तसे नाही. नेहमीच्या मांडणीत प्रत्येक मोठ्या पोकळीभोवती सर्वांत जवळचे सहा आणि त्यांच्यामागचे आठ असे चौदा शेजारी असतात. प्रत्येक शेजारी पॅलेडियमचा किंवा तांब्याचा. म्हणजे शेजाराचे एकूण १६,३८४ प्रकार संभवतात! त्यांतले पुष्कळ एकमेकांसारखेच असतात, तरीही सगळे मोजणे परवडत नाही. म्हणून निवडक प्रकारांचे नेमके गणित करावयाचे, त्यावरून उरलेल्यांसाठी एक सूत्र बसवावयाचे, आणि मग गणकयंत्रातील विशाल काल्पनिक जाळ्यावर हायड्रोजनच्या अणूंना फासे टाकून सोडावयाचे. उंबरठा बुटका असेल तर उडी वारंवार, उंच असेल तर क्वचित. अशा असंख्य उड्यांच्या सरासरीवरून अणू किती वेगाने पसरतो ते कळते. त्याला विरघळलेल्या हायड्रोजनच्या प्रमाणाची जोड दिली, की भिंतीतून जाणारा प्रवाह सांगता येतो.

पिट्सबर्गच्याच कार्नेगी मेलन विद्यापीठात डेव्हिड शोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅलेडियम आणि तांब्यासाठी हे सारे गणित केले, आणि राष्ट्रीय प्रयोगशाळेतील मंडळींसह २००५ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात ते प्रसिद्ध केले. त्यात प्रयोगातून उसनी घेतलेली माहिती एकच होती: धातूच्या अणूंची मांडणी कोणती, एवढीच. बाकी सर्व आकडे मूलभूत नियमांतून काढलेले. आणि मग ते आकडे, निरनिराळ्या मिश्रणांच्या पत्र्यांवर प्रत्यक्ष भट्टीत घेतलेल्या मापांशेजारी मांडले गेले. दोहोंचा मेळ चांगला बसला.

या गोष्टीचे मोल कशात आहे? शेनेविक्सजवळही एक अनुमान होते. पण प्रयोग त्याच्याशी जुळेना, तेव्हा त्याने अनुमान धरून ठेवले. दोनशे वर्षांनंतर पिट्सबर्गच्या मंडळींनी आपले अनुमान मुद्दाम भट्टीपुढे उभे केले. आकडे जुळले नसते तर तेही जगाला दिसले असते. अनुमानाला प्रतिष्ठा येते ती अशा वागण्याने. एकदा अशी प्रचीती आल्यावर, जी मिश्रणे अजून कोणी वितळवलीच नाहीत, त्यांच्याविषयीही गणिताचे मत विचारात घेण्यास हरकत राहत नाही. पुढे पॅलेडियम आणि तांब्यात तिसरा धातू अल्प प्रमाणात मिसळला तर काय होईल, याची छाननी गणकयंत्रावर झाली ती याच विश्वासाने. ज्या वाटा निश्चितपणे बंद आहेत, त्या कागदावरच बंद झाल्या; आणि महागडा धातू, भट्टीचे तास व संशोधकाची उमेदीची वर्षे थोड्या आशादायक वाटांसाठी राखून ठेवता आली.

तरीही गणिताच्या मर्यादा स्पष्ट सांगावयास हव्यात. त्याने मोजलेली भिंत आदर्श असते. खरा पत्रा स्फटिकांच्या असंख्य कणांचा बनलेला असतो, आणि त्या कणांच्या सांध्यांतून हायड्रोजनची वाट निराळी असते. पातळ थर पोलादी आधारावर चढवला, तर उष्णतेने आधारातील लोह वर पॅलेडियममध्ये झिरपते आणि त्याचे गुण बिघडवते. म्हणून मध्ये ऑक्साइडचा एक अडसर-थर द्यावा लागतो. टाचणीच्या टोकाहून बारीक भोक पडले, तरी शुद्धता गेली. पृष्ठभागावर गंधक आणि काजळी काय काय करतील, हा तर स्वतंत्र आणि अधिक बिकट प्रश्न. २००५ चे ते गणित स्वच्छ हायड्रोजनच्या प्रवाहाचे होते. गंधकाने भरलेल्या वायूत पत्रा किती वर्षे तगेल, हे त्याने सांगितलेले नाही. त्यासाठी भट्टी पेटवून दीर्घकाळ वाट पाहणे, याला आजही पर्याय नाही.

श्रोतेहो, हा विषय दूरदेशीच्या प्रयोगशाळांचा आहे, असे समजून आपण तो सोडून देऊ नये. भारत सरकारने २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मान्यता दिली, आणि २०३० पर्यंत वर्षाला निदान ५० लक्ष टन हरित हायड्रोजनाच्या उत्पादनाची क्षमता उभी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. हायड्रोजन दूर वाहून नेणे अवघड असल्याने तो अमोनियाच्या रूपाने न्यावा आणि मुक्कामी अमोनिया फोडून परत मिळवावा, असा एक विचार जगभर चालू आहे. तसे झाले, की हायड्रोजन आणि नायट्रोजन यांना विलग करण्याचा प्रश्न आपल्याही दाराशी येऊन उभा राहील, आणि त्या वेळी या छिद्रहीन भिंतीची आठवण होईल. ती भिंत पॅलेडियमची असेल, की एखाद्या स्वस्त मिश्रधातूची, हे आज कोणी सांगू नये. मात्र ते ठरवणाऱ्या तरुणाला दोन्ही विद्या लागतील. गणकयंत्रापुढे बसून उंबरठ्याची उंची काढणे त्याला जमले पाहिजे, आणि भट्टीतून निघालेला पत्रा हातात घेऊन त्यावरील बारीक तडा ओळखणेही जमले पाहिजे. टांकसाळीच्या प्रमुखपदी बसूनही ग्रॅहमने स्वतः वायू मोजले. त्याचे हायड्रोजेनियम काळाच्या ओघात गेले, त्याचे आकडे राहिले. आपल्या शाळा-महाविद्यालयांतील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी या इतिहासातून एवढे घेतले, तरी पुष्कळ झाले.